रीफ टँकमध्ये शेवाळ माजलंय? बाटली विकत घ्यायच्या आधी हे वाचा

नवीन रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावला, दगड पांढरेशुभ्र, वाळू पांढरी, निळा लाइट, दोन क्लाउनफिश फिरतायत, फोटो सगळ्या ग्रुपवर टाकून झाले, आणि दीड-दोन महिन्यांत त्याच दगडांवर आधी तपकिरी, मग हिरवं, मग लालसर काहीतरी चढायला लागतं. मग दुकानदाराला फोन, तो एक बाटली देतो, ती ओतली की चार दिवस बरं वाटतं आणि नंतर दुपटीने येतं. माझं म्हणणं सरळ आहे: आधी ते नक्की काय आहे ते ओळखा, मग पाणी स्थिर करा, आणि मग त्याचं खाणं कमी करा, ह्याच क्रमाने. उलट्या क्रमाने गेलात तर कोरल आधी मरतात आणि शेवाळ मजेत राहतं.

मी धरून चाललोय की तुमचा टँक शंभर-दोनशे लिटरचा आहे, ड्राय रॉकवर (वाळलेल्या, जिवंत काहीच नसलेल्या दगडावर) सुरू केलाय आणि त्यात झोआ, मशरूम, लेदर असे सॉफ्ट कोरल आहेत. जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो, भारतातली सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, सी फॅन पण, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्याच पंगतीत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना दिसलेला तुकडा "मेलेलाच तर आहे" म्हणून पिशवीत टाकायचा नाही, आणि दुकानात कोणी कागद न दाखवता हार्ड कोरल किंवा किनाऱ्यावरून काढलेला लाइव्ह रॉक (जीव वसलेला दगड) देत असेल तर तिथून निघायचं. ड्राय रॉकचा तोटा एवढाच की तो कोरा असतो, त्यावर काहीच राहत नसतं, त्यामुळे जो पहिला येईल तो जागा पकडतो आणि पहिला येणारा बहुतेक वेळा नकोसाच असतो. म्हणून पहिले पाच-सहा महिने टँक कुरूप दिसणार हे मान्यच करून टाका.

पहिली पायरी: हे आहे तरी काय?

सगळ्याला "अल्गी" म्हणून मोकळं होऊ नका, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला खाद्य ठरतो.

वाळूवर आणि काचेवर तपकिरी पावडर बसल्यासारखी दिसते, बोट फिरवलं की लगेच निघते, ते डायटम. पाण्यातल्या आणि नव्या वाळूतल्या सिलिकेटवर जगतात, सिलिकेट संपलं की आपले आपण जातात. त्यांच्यासाठी काही करू नका, खरंच काही करू नका, काच पुसा आणि चहा प्या.

हिरवे केस म्हणजे हेअर अल्गी. दगडाला घट्ट धरून असतं, ओढलं तर पुंजका हातात येतो. तोच पुंजका पाण्यात धरून बघितला आणि प्रत्येक काडी छोट्या पिसासारखी किंवा नेच्याच्या पानासारखी दिसली तर ते ब्रायॉप्सिस, जे साध्या उपायांना दाद देत नाही. हिरवे चकचकीत मणी दिसले, मोहरीपासून द्राक्षाएवढे, तर ते बबल अल्गी.

लाल, मरून किंवा जांभळट चादर, वाळूवर पसरलेली, पिपेटने फुंकलं की तुकड्या-तुकड्यांनी उडते, तो सायनो. हे शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहे, त्यामुळे गोगलगायी त्याला तोंडही लावत नाहीत.

आणि सगळ्यात त्रासदायक, डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी जीव. तपकिरी, चिकट, शेंबडासारखे तार, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. सकाळी लाइट लागायच्या आधी बघितलं तर वाळू बऱ्यापैकी स्वच्छ, दुपारपर्यंत परत सगळं माखलेलं. ह्यांना लोक डायटम समजतात, सायनो समजतात, आणि मग पाणी बदलत सुटतात, ज्याने ते अजून वाढतात. संशय असेल तर घरच्या घरी एक चाचणी होते. थोडा चिकटा पिपेटने ओढून टँकच्याच पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, पार विरघळल्यासारखं झालं पाहिजे, मग ते पाणी टिश्यू पेपरमधून किंवा कॉफी फिल्टरमधून पारदर्शक ग्लासात गाळा आणि ग्लास लाइटखाली तासभर ठेवा. गाळलेल्या पाण्यात परत गोळे आणि तार जमले तर डायनो असण्याची शक्यता खूपच जास्त. पक्कं करायचं तर मायक्रोस्कोप लागतो, पोरांच्या विज्ञान प्रकल्पासाठी घेतलेला चारशे पट मोठं दाखवणारा स्वस्तातला पण चालतो. त्यात हलणारे ठिपके दिसले की समजायचं. तांदळाच्या दाण्यासारखे, एका टोकाला निमुळते आणि त्या टोकाला धागा बांधल्यासारखे जागच्या जागी गिरक्या घेणारे असतील तर ऑस्ट्रिऑप्सिस, जो विषारी असतो आणि गोगलगायी मारतो. चपटे, वाळूवर सावकाश सरकणारे असतील तर अँफिडिनियम. हा फरक पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: टँकमध्ये घालताय ते पाणी

इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक फसतात. "आमच्याकडे आरओ आहे" असं सांगतात, आणि तो आरओ असतो स्वयंपाकघरातला. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून मिनरलची कार्ट्रिज असते, शिवाय टीडीएस (पाण्यात विरघळलेले पदार्थ) कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो जो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. माणसासाठी ठीक आहे, टँकसाठी म्हणजे रोज थोडं थोडं नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट ओतणं. टीडीएस मीटर काही शेकड्यात मिळतो, आजच्या आज घ्या आणि त्या पाण्यात बुडवा. पन्नास-ऐंशी दाखवलं तर उत्तर मिळालं.

टँकच्या पाण्याचा टीडीएस शून्य पाहिजे. त्यासाठी सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार पकडणारे दाणे), ही रांग. वेगळं युनिट परवडत नसेल तर मेम्ब्रेननंतर, मिनरल कार्ट्रिजच्या आधी, टी जोडून तिथून पाणी काढा आणि ते डीआय रेझिनच्या नळकांड्यातून सोडा, प्लंबर नाही तर आरओवाला पोरगा अर्ध्या तासात करून देतो. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकेट सुटायला लागतं, तेव्हा टीडीएस मीटर अजून शून्य किंवा एकच दाखवत असतो. त्यामुळे जुन्या टँकमध्ये अचानक डायटम परत आले तर पहिला संशय रेझिनवर. आणि ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, पुण्याच्या नव्या भागात हे रोजचंच आहे, त्यांचं रेझिन मुंबईच्या धरणाच्या पाण्यावाल्यांपेक्षा कितीतरी लवकर संपणार, तो खर्च आधीच धरून चाला.

समुद्राचं पाणी आणून वापरायची आयडिया प्रत्येकाच्या डोक्यात एकदा येतेच. मुंबईच्या किनाऱ्याचं नको, त्यात सांडपाणी आहे. कोकणात खाली कुठून आणलं तरी गाळ आणि पोषकद्रव्यं बरोबर येतात, आणि पावसाळ्यात नद्या-ओढ्यांनी किनाऱ्याचं पाणी पातळ झालेलं असतं. किनाऱ्याची वाळू पण नको. सॉल्टची, म्हणजे टँकसाठीच्या तयार समुद्री मिठाची, बादली महाग वाटते पण बाकी सगळ्यापेक्षा स्वस्त पडते.

तिसरी पायरी: पाणी स्थिर करा, आणि इथे घाई नको

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं पण हेच. तब्येत बरी असलेलं कोरल आणि दगडावर नीट बसलेले बॅक्टेरिया शेवाळाला जागाच देत नाहीत, पण रोज खाली-वर होणाऱ्या पाण्यात ते दोघंही दमतात आणि जागा मोकळी होते.

क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, आधी. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे साधारण १.०२६ स्पेसिफिक ग्रॅव्हिटी. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा आणि तो आरओच्या पाण्याने शून्यावर लावून थांबू नका, ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं त्याने लावा, कारण शून्यावर बरोबर दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ वर दोन-तीन अंकांनी चुकू शकतो. सुई हलणारे प्लास्टिकचे हायड्रोमीटर सुईला बुडबुडा चिकटला की काहीही दाखवतात, त्यांच्यावर भरवसा नको.

बाष्पीभवनाने पाणी जातं, मीठ नाही. पंखा लावलेल्या शंभर लिटरच्या टँकमधून तीन लिटर उडालं तर ३५ चं ३६ होतं, एका दिवसात. म्हणून टॉप-अप रोज, आणि साध्या आरओडीआय (आरओ आणि डीआय रेझिनमधून काढलेल्या) पाण्याने, मिठाच्या पाण्याने नाही. आठवड्यातून एकदा बादलीभर ओतणं म्हणजे आठवडाभर क्षारता चढवायची आणि एका मिनिटात पाडायची. ऑटो टॉप-अप हे मला वाटतं लाइटच्याही आधी घ्यायचं यंत्र आहे, लोक उलटं करतात. टँकला काचेवर मार्करने रेघ मारून रोज सकाळी हाताने भरलं तरी चालेल, पण मग रोज म्हणजे रोज.

तापमान २५ ते २७. एप्रिल-मेमध्ये मुंबईत न सांभाळलेला टँक ३१-३२ ला सहज जातो, आणि पाणी गरम झालं की ऑक्सिजन कमी मावतो. पृष्ठभागावर फुंकणारे छोटे पंखे दोन-तीन अंश उतरवतात, पुण्यात जास्त चांगलं काम करतात, मुंबईच्या दमट हवेत कमी, कारण पाणी उडालं तरच गारवा येणार ना. कठीण प्रवाळं किंवा मोठा लाइट असेल तर मुंबईत चिलरला पर्याय नाही. पुण्या-नाशिकवाल्यांना डिसेंबरात हीटर लागतोच. एक ठरलेला आकडा महत्त्वाचा नाही हो, दिवस-रात्रीत एक अंशापेक्षा जास्त हालचाल नको, हे महत्त्वाचं.

आता अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, जी डीकेएचमध्ये मोजतात. नव्या लोकांच्या टँकमध्ये जे "काहीतरी बिनसलंय" असतं ते निम्म्या वेळेला इथे असतं. समुद्रात साधारण ७ असतं, टँकमध्ये ८ ते ९ धरा आणि तिथेच राहा. दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका, एक म्हणजे अगदी शेवटची मर्यादा. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) मध्ये असलं की त्या दोघांकडे सारखं बघायची गरज नाही, ते सावकाश हलतात. सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये अल्कलिनिटी फारशी खर्च होत नाही, दर आठवड्याचं पाणी बदलणंच पुरतं. खर्च होत असेल तर रोज एकाच वेळी मोजा, तीन-चार दिवसांत किती उतरतं ते कळेल, आणि तेवढंच भरायचं.

भरायला घरातला खाण्याचा सोडा चालतो. शंभर लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम. लिटर मोजताना दगड-वाळू वजा करा, सव्वाशे लिटरच्या काचेत खरं पाणी शंभरच्या आसपास असतं. आरओडीआयच्या ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवायचा आणि वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात सावकाश सोडायचा. पाकिटावर सोडियम बायकार्बोनेट एवढंच लिहिलेलं पाहिजे, बेकिंग पावडर नको कारण त्यात स्टार्च आणि आम्ल असतं, आणि धुण्याचा सोडा तर अजिबात नको. तसंच चुन्याचं पाणी, म्हणजे ज्याला रीफवाले कालक म्हणतात, ते पण उत्तम आहे, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही देतं, पण पानाच्या डबीतला चुना घालू नका, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, आणि थेंब-थेंब सोडा, कारण त्याचा पीएच १२ च्या वर असतो.

पाणी बदलताना पण हाच घोटाळा होतो. रेड सी कंपनीचं कोरल प्रो सॉल्ट १२ डीकेएचच्या आसपास मिसळतं. तुमचा टँक ८ वर आणि तुम्ही वीस टक्के पाणी बदललंत तर एका झटक्यात ८.८. दर रविवारी हे करायचं आणि मग कोरल रविवारीच का मिटतात म्हणून विचारायचं. सॉल्ट असं निवडा की त्याची अल्कलिनिटी टँकच्या जवळ असेल, आणि बादली बदलली की नव्या मिश्रणाची एकदा टेस्ट करा.

पीएचच्या मागे लागू नका. ७.८ ते ८.४ मध्ये काहीही असू दे. एसीच्या बंद बेडरूममध्ये तीन माणसं झोपली की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टँकचा पीएच उतरतो, ह्यात टँकचा काही दोष नाही. खिडकी उघडा. बाटलीतला पीएच बफर घातला की पीएच तासाभरात परत खाली येतो आणि अल्कलिनिटी मात्र वर जाऊन बसते.

ही पायरी दोन-तीन आठवडे नीट चालली पाहिजे, वहीत किंवा फोनवर आकडे लिहून. मधल्या काळात शेवाळ हाताने काढत राहा, पण नवीन केमिकल नाही, नवीन मासा नाही.

चौथी पायरी: शेवाळाचं खाणं, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, पण शून्य नाही

नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. शून्य हे ध्येय नाही, शून्य हे डायनोला आमंत्रण आहे.

आणि एक फसवणूक समजून घ्या. दगडावर हिरवं रान माजलंय आणि टेस्ट किट शून्य दाखवतं, मग लोक म्हणतात किट खराब आहे. किट बरोबर आहे. किट पाण्यात उरलेलं मोजतं, शेवाळाने खाल्लेलं मोजत नाही. त्यामुळे हेअर अल्गी भरपूर आणि फॉस्फेट शून्य असेल तर त्याचा अर्थ "फॉस्फेट नाही" असा होत नाही, तर "येतंय तेवढं सगळं शेवाळ खातंय" असा होतो.

फॉस्फेटसाठी रंग बघायची किट्स एवढ्या खालच्या आकड्यांना कामाची नाहीत, निळ्याच्या दोन छटांमध्ये घरातले चार जण चार उत्तरं देतात. हॅना कंपनीचा छोटा चेकर घ्या, तो सरळ आकडा दाखवतो. त्यातला फॉस्फरस पीपीबीत दाखवणारा मॉडेल असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून हजारने भागायचं, म्हणजे २० दाखवलं तर फॉस्फेट ०.०६. नायट्रेटला सॅलिफर्ट कंपनीचं किट पुरतं.

येतं कुठून? बहुतेक सगळं तुमच्या हातातून. दोन क्लाउनना दिवसाला चिमूटभर पुरतं, मिनिटभरात संपेल एवढंच. फ्रोझन मायसिसचा (छोट्या कोळंबीसारख्या जीवांचा) क्यूब तसाच टाकू नका, चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्याने वितळवून ते पाणी फेकून द्या. बाजारातली कोळंबी चिरून घालणारे पण आहेत, घाला, पण धुऊन आणि अगदी थोडी, कारण मागे वाळूत गेलेला एक तुकडा दोन दिवस सडत बसतो. स्पंज आणि फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) दर तीन दिवसांनी धुवायचे, त्यातला गाळ टँकमध्येच आहे असं समजा, फक्त दिसत नाही.

बाहेर काढायचे रस्ते म्हणजे स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं आणि सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) असेल तर त्यात कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ, ज्याला सगळे कीटो म्हणतात. शेवाळाला शेवाळानेच मारायचं, फक्त आपल्याला हव्या त्या डब्यात. त्याचा लाइट रात्री लावा, म्हणजे मुख्य टँकचे दिवे बंद असताना पीएच पण फार पडत नाही.

जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे ते लाल-तपकिरी दाणे, काम करतात, पण फार वेगाने करतात. डब्यावर लिहिलेल्याच्या निम्म्यापेक्षा कमीने सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजा. फॉस्फेट ०.३ वरून दोन दिवसांत ०.०१ वर आणलं की कोरलची टोकं जळतात, आणि तुम्ही त्याला शेवाळाचा त्रास म्हणता. जुना वापरलेला ड्राय रॉक असेल तर त्याच्या पोटातलं फॉस्फेट महिनोन्‌महिने पाझरत राहतं, पाणी बदललं की आकडा उतरतो आणि तीन दिवसांनी परत तिथेच, अशा वेळी कमी डोसचं जीएफओ लांबवर चालवणं हाच मार्ग.

लाइट सात-आठ तास. पांढरा आणि लाल चॅनल कमी, निळा ठेवा. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर पडदा.

पाचवी पायरी: हात ओले करा

पोषकद्रव्यं कमी केल्याने आहे ते हेअर अल्गी मरत नाही, फक्त नव्याने वाढत नाही. आहे ते उपटावंच लागतं, ह्यातून कोणाची सुटका नाही.

वेव्हमेकर बंद करा, सम्पमधून पाणी वर आणणारा पंप चालू राहू दे. नवा टूथब्रश आणि एअरलाइनची बारीक नळी एकत्र रबरबँडने बांधा, नळीचं दुसरं टोक सम्पमधल्या फिल्टर सॉकमध्ये सोडा. ब्रशने घासलेलं तिथल्या तिथे नळीत ओढलं जातं, पाणी सॉकमधून परत टँकमध्ये, त्यामुळे तासभर घासलं तरी पाणी कमी होत नाही. नुसतं घासून वेव्हमेकर चालू केला तर सुटलेला प्रत्येक तुकडा नव्या दगडावर जाऊन बसतो.

दगड बाहेर काढता येत असेल तर अजून चांगलं. पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच घासा. चिवट जागांवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावता येतं, पण आपल्याकडे केमिस्टकडे मिळतं ते बहुतेक २० व्हॉल्यूमचं म्हणजे ६ टक्के असतं, ते आरओच्या पाण्यात निम्मं-निम्मं करा, ब्रशने फक्त शेवाळावर लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, टँकच्या पाण्यात खळबळून परत ठेवा. शेवाळ दोन दिवसांत पांढरं पडतं. कोरलवर नको, आणि क्लीनर श्रिंप असेल तर टँकमध्ये सरळ ओतणं तर नकोच.

झोआ किंवा पॅलिथोआ असलेला दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, बोटावरच्या जखमेतून किंवा डोळ्यात गेलं तर प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जातं. आणि "दगड उकळून घेतला की शेवाळ कायमचं जाईल" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कधीही ऐकू नका, वाफेतून ते विष घरभर पसरतं आणि असं करून अख्खी कुटुंबं आजारी पडलेली आहेत.

क्लीनअप क्रू, म्हणजे शेवाळ आणि उष्टं खाणाऱ्या गोगलगायींची फौज, ह्यानंतर, आधी नाही. लांब झालेलं हेअर अल्गी गोगलगाय खात नाही, तिला कोवळं लागतं. तुम्ही कापायचं, तिने राखायचं. टर्बो आणि सेरिथ चांगल्या. नॅसॅरियस शेवाळ खात नाहीत, त्या वाळूतलं उष्टं खातात. शंभर लिटरला सहा-आठने सुरुवात करा, पन्नास टाकल्या तर निम्म्या उपाशी मरतील आणि मेलेली गोगलगाय म्हणजे परत अमोनिया. ड्रिपने तासभर सावकाश पाण्यात रुळवा, त्यांना क्षारतेचा धक्का सोसत नाही. किनाऱ्यावरून उचलून आणू नका, त्यातल्या काही शिकारी असतात, तुमच्याच गोगलगायी खातील. टँग शेवाळ छान खातो, पण त्याला पोहायला चार-पाच फूट लागतात, दोन फुटी टँकमध्ये शेवाळासाठी टँग घेऊ नका.

उरलेले तीन-चार हट्टी

सायनो साठतो जिथे प्रवाह मंद आणि गाळ जास्त. पाणी बदलताना चादर ओढून घ्या, वेव्हमेकरची दिशा बदला, माशांचं खाणं कमी करा. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट भरपूर असेल तर सायनोचं फावतं, तेव्हा नायट्रेट वाढवणं हा उपाय असतो, ऐकायला विचित्र वाटतं पण असतो. केमिक्लीन नावाचं सायनोवरचं औषध चालतं, पण शेवटचा उपाय म्हणून, फिल्टरमधला कार्बन काढून, एअरस्टोन जोरात लावून, ४८ तासांनी वीस टक्के पाणी बदलून. एअरस्टोन विसरलात तर ऑक्सिजन पडतो आणि मासे वर येतात. माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून टाकू नका.

बबल अल्गी फोडू नका, मुळाशी नख किंवा चपटा स्क्रूड्रायव्हर घालून अख्खा मणी उचला आणि शेजारीच नळी चालू ठेवा. एमराल्ड क्रॅब मदत करतो, सगळेच करत नाहीत.

ब्रायॉप्सिसवर रीफसाठी मिळणारं फ्लुकोनाझोल (मूळचं बुरशीवरचं औषध), लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम, कार्बन आणि यूव्ही (पाण्यावर अतिनील प्रकाश टाकणारा दिवा) बंद, दोनेक आठवडे. मरताना ते सगळं खाल्लेलं परत पाण्यात सोडतं, त्यामुळे आधी हाताने जेवढं निघेल तेवढं काढा.

डायनोचं सगळं उलट. पाणी बदलणं थांबवा, जीएफओ काढा, माशांचं खाणं वाढवा, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर आणा आणि तिथेच धरा. नुसत्या खाण्याने नायट्रेट चढत नसेल तर शुद्ध सोडियम नायट्रेट, शंभर लिटरला १ पीपीएमसाठी ०.१४ ग्रॅम, शेतीच्या दुकानातलं खत नको, त्यात अमोनिया आणि काय काय असतं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, म्हणून टँकच्या पाण्यावर लावलेला यूव्ही त्याला पकडतो. अँफिडिनियम वाळू सोडत नाही, त्याला यूव्ही लागू पडत नाही, तिथे काही लोक मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात आणि ते डायनोची जागा खातात, म्हणजे पहिल्या महिन्यात ज्यांना शिव्या दिल्या त्यांनाच परत बोलवायचं. आठवडे लागतात. मध्येच घाबरून काच चकाचक करून मोठं पाणी बदललंत तर घड्याळ परत शून्यावर.

वीज, फवारणी आणि गावाला जाणं

पुण्यात गुरुवार म्हटलं की वीज जाणार हे गृहीत धरा. वीज गेली की आधी ऑक्सिजन, बाकी सगळं नंतर. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर ठेवा, पाण्याचा पृष्ठभाग हलवेल असा, हीटर आणि चिलर त्यावर नको. दुसरा आधार म्हणून बॅटरीचा एअर पंप, वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा मिळतो.

सोसायटीची पेस्ट कंट्रोल येणार असेल तर टँक ओल्या चादरीने झाका, त्या खोलीत फवारणी नको म्हणून आधीच सांगा, आणि बाहेरची हवा ओढणारा एअर पंप तेवढ्यापुरता दुसऱ्या खोलीत न्या. झुरळांच्या स्प्रेमधलं औषध कोळंबी-खेकड्यांना अगदी थोड्या प्रमाणात पण मारतं. एका रात्रीत सगळे खेकडे-श्रिंप गेले, अमोनिया वाढला आणि पंधरा दिवसांनी हिरवं रान आलं, तर मूळ तिथे असू शकतं.

गणपतीला पाच दिवस गावाला चाललात तर निघायच्या आदल्या दिवशी काही करू नका, ना पाणी बदल, ना फिल्टर धुणं. ते सगळं चार दिवस आधी, म्हणजे काही बिघडलं तर दिसेल. टॉप-अपचा डबा काठोकाठ भरा. प्रौढ मासे दोन-तीन दिवस न खाता आरामात राहतात, त्यामुळे शेजारच्या काकूंना एकाआड एक दिवस सांगा, आणि गोळ्यांच्या डबीत वार लिहून एकेका खणात मोजून खाणं भरून द्या. खाण्याचा मोठा डबा मात्र कपाटात कुलुपात ठेवून जा, कारण काकूंना मासे उपाशी वाटणारच.